लोहाधारित अतिसंवाहक आणि चुंबकीय चांचल्य : एका वैराच्या कल्पनेचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले, ऊस आणि साखर यांचे तालुके होत. येथील साखर कारखान्यांत उसाची मोळी गव्हाणीत पडली म्हणजे तिच्याबरोबर कोयत्याचे मोडके पाते, साखळीचा दुवा, बैलगाडीचा एखादा खिळा असे काहीबाही लोखंडही आत येते. ते चरकाच्या रुळांपर्यंत पोचू नये म्हणून वाटेवर मोठा विद्युत्-चुंबक टांगण्याची पद्धत साखर धंद्यात सर्वत्र रूढ आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे तर साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच घडविली जाते. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला लोखंड आणि चुंबक यांचा संबंध शाळेत शिकवावा लागत नाही. तो त्याने घरापाठीमागे पाहिलेला असतो.

याच भागातील एका महाविद्यालयात पारिभाषिक शब्दांच्या घडणीसंबंधी व्याख्यान देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला होता. व्याख्यानानंतर विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्याने आपली वही पुढे केली. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकून पुढे इंग्रजीकडे गेलेला हा मुलगा आपली टिपणे अद्याप मराठीतच काढीत असे. वहीत एक वाक्य होते : “चुंबकीय अस्थिरतेमुळे लोखंडात अतिसंवाहकता येते.” हे वाक्य बरोबर आहे काय, असे त्याने विचारले. वाक्यात काहीतरी चुकले आहे असे मला वाटले; परंतु चूक भाषेची की विज्ञानाची, हे मला त्या वेळी सांगता आले नाही. मी पदार्थविज्ञानाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. पुढे या विषयाचा इतिहास जमेल तसा वाचून काढला, तेव्हा असे ध्यानात आले की त्या मुलाची अडचण त्याची एकट्याची नव्हती. लोखंड, चुंबकत्व आणि अतिसंवाहकता या तिहींचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाने विसाव्या शतकातील मोठमोठ्या संशोधकांनाही चकविले होते. आणि त्या चकण्यात शब्दांचा वाटा लहान नव्हता. प्रस्तुत टिपणात त्या नात्याचा इतिहास थोडक्यात मांडून शेवटी त्या वाक्याकडे परत यावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. चुंबकाला संस्कृतात ‘अयस्कांत’ म्हणजे लोखंडाचा प्रियकर असे नाव आहे. ‘चुंबक’ या शब्दाचा अर्थही उघड आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांतून कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमक असे पाच प्रकार सांगितलेले आढळतात. त्यांपैकी पहिली तीन नावे क्रियेवरून पडलेली आहेत : लोखंडाला फिरविणारा, चिकटवून घेणारा, ओढून घेणारा. मराठीत आपण यांपैकी एक नाव उचलले आणि त्याला ‘लोह’ हा शब्द जोडून ‘लोहचुंबक’ असे केले. पाश्चात्त्य परिभाषेतही असेच घडले आहे. लॅटिन ‘फेरम्’ म्हणजे लोखंड. त्यावरून ‘फेरोमॅग्नेटिझम’, म्हणजेच आपले लोहचुंबकत्व. निकेल व कोबाल्ट यांचे चुंबकत्वही याच नावाने ओळखले जाते. आणि ज्या पदार्थांत शेजारशेजारच्या अणूंची चुंबकत्वे विरुद्ध दिशांना तोंड करून परस्परांना रद्द करतात, त्यांच्या गुणालाही ‘प्रतिलोहचुंबकत्व’ म्हणावे लागते, मग त्यांत लोखंडाचा अंशही नसो.

तात्पर्य, भाषेने लोखंडाला चुंबकत्वाशी कायमचे बांधून टाकले आहे. या बांधणीमुळे ‘लोहाधारित अतिसंवाहक’ हा समास दीर्घकाळ वदतोव्याघातासारखा भासत राहिला. तो तसा का भासला, हे समजण्यासाठी अतिसंवाहकतेच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

३

इ. स. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की पारा सुमारे ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे शून्याखाली जवळजवळ २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला असता त्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा होतो. कालव्याच्या दृष्टांताने बोलावयाचे तर, धरणातून सोडलेले पाणी पाझर व बाष्पीभवन यांमुळे वाटेत घटत जाते आणि टेलकडील शेतकऱ्याच्या वाट्यास थोडेच येते. साध्या तारेतील विजेच्या ऊर्जेचेही तसेच होते. अतिसंवाहकात मात्र काहीही न घटता सारी ऊर्जा टोकापर्यंत पोचते. १९३३ मध्ये माइस्नर व ओक्सेनफेल्ड यांनी या अवस्थेचा दुसरा धर्म दाखवून दिला : अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर घालवितो. क्षेत्र फार प्रबळ असेल तर उलट अतिसंवाहकताच मोडते. चुंबकत्व व अतिसंवाहकता यांच्या वैराची पहिली साक्ष ही अशी प्रयोगातूनच मिळाली.

वैराला सिद्धान्ताचा आधार मिळाला तो १९५७ मध्ये. बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी त्या वर्षी असे प्रतिपादिले की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वागतात, आणि ही जोडी स्फटिकाच्या जालकाच्या कंपनांमुळे जुळते. एक इलेक्ट्रॉन जाताना धनभारित जालक किंचित आत ओढले जाते, आणि त्या ओढीचा लाभ मागून येणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनाला मिळतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या अंगी परिवलनामुळे इवलेसे चुंबकत्व असते. जोडीतील दोघांची परिवलने परस्परविरुद्ध असतात. आता अशा पदार्थात चुंबकीय अणू मिसळला तर तो एका परिवलनाला एका प्रकारे व दुसऱ्याला नेमक्या उलट प्रकारे वागवितो, आणि जोडी फुटते. १९५८ मध्ये बर्न्ट मॅथायस व त्यांचे सहकारी यांनी लँथॅनममध्ये गॅडोलिनियमचे थोडेसे मिश्रण केले, तेव्हा अतिसंवाहकता झपाट्याने नष्ट झाली. १९६० मध्ये अब्रिकोसोव्ह व गॉर्कोव्ह यांनी या नाशाचे गणितही मांडून दाखविले. नवीन अतिसंवाहकांच्या शोधात आयुष्य वेचणाऱ्या मॅथायस यांनी शोधकांसाठी जे व्यावहारिक नियम सांगितले त्यांत ‘चुंबकत्वापासून दूर राहा’ हा एक प्रमुख होता.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण तिचा पुढे संबंध येणार आहे. पॅलेडियमसारख्या काही धातूंत स्थिर चुंबकत्व नसते. परंतु ते येता येता राहिल्यासारखी अवस्था असते. क्षणमात्र थोड्या जागेत इलेक्ट्रॉनांची परिवलने एका दिशेला वळतात आणि पुन्हा विसकटतात. १९६६ मध्ये बर्क व श्रीफर यांनी असे दाखविले की हे क्षणभंगुर चुंबकत्वदेखील जालकाने जुळविलेल्या जोडीला मारकच ठरते. म्हणजे स्थिर चुंबकत्व वैरी होतेच. त्याची नुसती चाहूलही वैरी ठरली.

लोखंडाला या शोधातून वगळले गेले यात मग नवल ते काय? २००८ पूर्वी लोखंड असलेला एकही अतिसंवाहक ज्ञात नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. उदाहरणार्थ, ल्युटेशियम, लोखंड व सिलिकॉन यांचे एक संयुग १९८० मध्ये सुमारे ६ केल्व्हिनला अतिसंवाहक असल्याचे आढळले होते. शुद्ध लोखंडही दीड ते तीन लाख वातावरणांइतक्या दाबाखाली २ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहक होते, असे ओसाका येथील शिमिझू प्रभृतींनी २००१ मध्ये दाखविले. परंतु या उदाहरणांत लोखंडाने आपले लोहचुंबकत्व आधी टाकून दिलेले असते. त्यामुळे वैराच्या कल्पनेला त्यांनी धक्का न लावता उलट तिला दुजोराच दिला.

४

वैर आणि मैत्री यांच्या दरम्यान शेजार नावाची एक अवस्था असते. या इतिहासातील शेजाराचा अध्याय महाराष्ट्राशी निगडित आहे, म्हणून त्याकडे थोडे विस्ताराने पाहणे इष्ट होईल.

१९७७ मध्ये अर्बियम, ऱ्होडियम व बोरॉन यांचे एक संयुग अभ्यासले गेले; त्या संशोधकांत स्वतः मॅथायसही होते. हे संयुग ८.७ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. परंतु १ केल्व्हिनच्या किंचित खाली अर्बियमचे अणू लोहचुंबकीय रीतीने मांडले गेले की अतिसंवाहकता नाहीशी होऊन पदार्थ पुन्हा साधा धातू बनतो. एकाच घरात दोघे राहू शकत होते, पण एकजण जागा झाला की दुसऱ्याने निघून जावयाचे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शोध यापुढचा होय. आर. नागराजन, चंदन मझुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन व त्यांचे सहकारी चुंबकत्वाच्या दृष्टीने विरल मृत्तिका, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या नमुन्यात १२ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहकतेचा क्षीण संकेत मिळाला. नमुन्याचा अल्पच भाग अतिसंवाहक होता. अशा क्षीण संकेताला अशुद्धीचा परिणाम म्हणून बाजूला सारणे सोपे होते. या मंडळींनी तसे न करता त्या अशुद्धीचाच पाठपुरावा केला, आणि कार्बन हेतुपुरस्सर मिसळून पाहिला. तेव्हा सबंध नमुन्यात अतिसंवाहकता प्रकटली. हे निष्कर्ष १९९४ च्या जानेवारीत फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट कॅव्हा प्रभृतींचे याच कुळातील संयुगांवरील निबंध प्रसिद्ध झाले. त्यांत ल्युटेशियमयुक्त संयुग १६.६ केल्व्हिनला अतिसंवाहक होते असे नोंदविले होते.

निकेल हा लोखंड व कोबाल्ट यांच्या जोडीचा लोहचुंबक धातू. त्याच्या संयुगात इतक्या तापमानाला अतिसंवाहकता मिळावी हीच नवलाची गोष्ट होती. त्यातही विशेष असा की इट्रियमच्या जागी होल्मियम, अर्बियम, थुलियम यांसारखी खरोखरच चुंबकीय मूलद्रव्ये घातली तरी अतिसंवाहकता टिकून राहते. होल्मियमचे संयुग सुमारे ८ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. ५ केल्व्हिनच्या आसपास होल्मियमची चुंबकीय मांडणी बदलत असता ही अवस्था डळमळते, आणि मांडणी निव्वळ प्रतिलोहचुंबकीय झाली की पुन्हा सावरते. डिस्प्रोसियमच्या संयुगात तर क्रमच उलटा : १० केल्व्हिनच्या सुमारास प्रथम चुंबकीय मांडणी येते, आणि ती कायम असतानाच ६ केल्व्हिनला अतिसंवाहकता अवतरते.

हे शक्य होते याचे कारण प्रतिलोहचुंबकीय मांडणीत शेजारच्या चुंबकत्वांची बेरीज शून्य होते, आणि इलेक्ट्रॉनांची जोडी कितीतरी अणूंइतक्या अंतरावर पसरलेली असल्याने तिला बहुतांशी ही बेरीजच जाणवते. शिवाय चुंबकत्व विरल मृत्तिकेच्या थरात राहते, तर अतिसंवाहकतेचा मुख्य आधार निकेल व बोरॉन यांचा थर असतो. मात्र एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. या संयुगांत जोडी जुळविण्याचे काम जालकाची कंपनेच करतात, असे बहुतेक सर्व पुराव्यावरून दिसते. चुंबकत्व येथे वैरी उरलेले नाही, परंतु साहाय्यकही झालेले नाही. तो शेजार होय, सहकार नव्हे.

५

सहकाराची शक्यता इतरत्र सुचविली गेली होती. १९७९ मध्ये जर्मनीतील फ्रांक श्टेग्लिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या संयुगात अर्ध्या केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता शोधली. आश्चर्याची बाब अशी की सिरियमच्या जागी अचुंबकीय लँथॅनम घातले की ती नाहीशी होई. म्हणजे चुंबकत्व काढून घेतल्याने अतिसंवाहकता सुधारण्याऐवजी संपली! १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकतेचा शोध लावला. त्यांची मूळ संयुगे प्रतिलोहचुंबकीय निरोधक असल्याचे लवकरच निष्पन्न झाले. त्याच १९८६ मध्ये मियाके, श्मिट-रिंक व वर्मा यांनी एकीकडे, आणि स्कॅलापिनो, लो व हर्श यांनी दुसरीकडे असे गणित मांडले की प्रतिलोहचुंबकीय स्वरूपाचे क्षणभंगुर चुंबकत्व स्वतःच इलेक्ट्रॉनांची जोडी जुळवू शकेल. वीस वर्षांपूर्वी जे मारक ठरविले गेले होते त्याच्याच एका प्रकाराला आता तारक म्हटले जाऊ लागले.

अशी भूमिका तयार झालेली असताना २००८ साल उजाडले. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हिदेओ होसोनो यांचे मूळ कार्य पारदर्शक व चुंबकीय अर्धसंवाहकांसंबंधीचे होते. त्याच शोधात त्यांच्या गटाला २००६ मध्ये लँथॅनम, लोखंड, फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या संयुगात ४ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहकता आढळली. तिची फारशी वाच्यता झाली नाही. २००८ मध्ये कामिहारा, होसोनो प्रभृतींनी फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घेतले व थोड्या ऑक्सिजनची जागा फ्लुओरीनला दिली; तेव्हा तापमान २६ केल्व्हिनवर गेले. पुढील काही महिन्यांत चीनमधील प्रयोगशाळांनी लँथॅनमऐवजी इतर विरल मृत्तिका वापरून ते ५५ केल्व्हिनपर्यंत नेले. म्युनिक येथे बेरियम व पोटॅशियम असलेले लोह-आर्सेनिकाचे संयुग ३८ केल्व्हिनला, आणि तैवानमध्ये लोखंड व सेलेनियम एवढ्या दोनच मूलद्रव्यांचे संयुग ८ केल्व्हिनला अतिसंवाहक असल्याचे त्याच वर्षी दिसून आले.

या संयुगांत लोखंडाचे थर असतात, व प्रत्येक लोह-अणूभोवती आर्सेनिकचे वा सेलेनियमचे चार अणू चौफलकाच्या कोनांवर बसलेले असतात. मुंबईच्या संयुगांतील निकेलभोवतीही बोरॉनचा असाच चौफलक असतो. बाह्य घडणीत हे साम्य असले तरी अंतरंगात मोठा भेद आहे. तेथे चुंबकत्व एका थरात व अतिसंवाहकता दुसऱ्या थरात नांदत होती. येथे मात्र ज्या लोह-इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व, त्यांचीच अतिसंवाहकता. शेजाराची सोय येथे उपलब्ध नव्हती. एक तर वैर खरे मानावयाचे, नाहीतर सहकार.

६

मूळ संयुग, म्हणजे ज्यात फ्लुओरीन मिसळलेले नाही ते, अतिसंवाहक नसते. २००८ मध्येच पंगचंग दाइ यांच्या गटाने न्यूट्रॉनांच्या साहाय्याने त्याची तपासणी केली. सुमारे १५५ केल्व्हिनला स्फटिकाचा चौरस किंचित बिघडून आयताकडे झुकतो, आणि सुमारे १३७ केल्व्हिनला चुंबकत्वाची पट्टेदार मांडणी सिद्ध होते : एका ओळीतील सर्व चुंबकत्वे एका दिशेला, त्याच्या लगतच्या ओळीतील सर्व उलट दिशेला. फ्लुओरीन मिसळीत गेले की ही मांडणी लोप पावते, आणि तेथेच अतिसंवाहकता प्रकट होते.

हे समजण्यास बारामती-इंदापूरच्या वाचकांना एक दृष्टांत उपयोगी पडेल. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामतीवरून इंदापूरकडे जाते, आणि बेलवाडीस पहिले गोल रिंगण होते. वाटेत दिंडीतील वारकरी पावली खेळतात. एक ओळ समोर तोंड करून उभी, तिच्यापुढची ओळ तिच्याकडे तोंड करून. टाळाच्या ठेक्यावर एक पुढे येते, दुसरी मागे सरते. सबंध मैदान अशा ओळींनी भरून गेले आणि सर्वजण जागच्या जागी स्थिर राहिले, तर ती झाली पट्टेदार चुंबकीय मांडणी. त्यातून कोणालाही वाट काढता येणार नाही. आता बाहेरची माणसे गर्दीत शिरली व ओळी मोडल्या असे समजा. ओळी मोडल्या तरी पावलीचा संस्कार मोडत नाही. दहावीस माणसे येथे क्षणभर समोरासमोर उभी राहतात, पांगतात. तेथे दुसरी दहावीस उभी राहतात. मैदानभर मांडणी नाही, परंतु मांडणीची आठवण सर्वत्र जागी आहे. लोखंडाच्या या संयुगांत चुंबकत्वाची जी अवस्था असते, ती अशी. एक इलेक्ट्रॉन आपल्या परिवलनाने भोवतालच्यांना विरुद्ध दिशेस वळवितो, आणि त्या वळणाचा परिणाम दुसऱ्या इलेक्ट्रॉनाला भोगावयास मिळतो. जालकाच्या कंपनाचे काम येथे चुंबकत्वाचे कंपन करते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

मात्र दृष्टांत येथेच सोडून दिला पाहिजे, कारण हा परिणाम आकर्षणाचा नसून अपकर्षणाचा असतो. अपकर्षणातून जोडी कशी जुळावी? याचे उत्तर २००८ मध्ये माझिन, सिंग, जोहानेस व दू यांनी, आणि स्वतंत्रपणे कुरोकी प्रभृतींनी दिले. या संयुगांत प्रवाहाचे इलेक्ट्रॉन संवेगानुसार दोन गटांत विभागलेले असतात, आणि पट्टेदार चुंबकत्वाचे कंपन जोडीला एका गटातून दुसऱ्या गटात फेकते. जोडीच्या तरंगाचे चिन्ह एका गटात धन व दुसऱ्यात ऋण असेल, तर अपकर्षणाच्या ऋणाला चिन्हाच्या ऋणाने गुणले जाऊन फळ धन येते, म्हणजे जोडी टिकते. व्याकरण शिकविणाऱ्यास यात नवे काही वाटू नये. ‘तो गेल्यावाचून राहिला नाही’ या वाक्यात ‘वाचून’ आणि ‘नाही’ असे दोन नकार आहेत, आणि दोन्ही मिळून अर्थ ‘तो गेलाच’ असा होतो. त्यातला कोणताही एक नकार गाळला तर अर्थ कोसळतो. लोह-अतिसंवाहकांतील जोडीही अशीच दोन नकारांवर उभी आहे, असे या मताचे म्हणणे आहे.

७

मताला पुरावा कोणता? पहिला पुरावा अभावात्मक आहे. बोएरी, डोल्गोव्ह व गोलुबोव्ह यांनी २००८ मध्ये गणिताने दाखविले की जालकाच्या कंपनांची इलेक्ट्रॉनांशी असलेली सांगड इतकी दुबळी आहे की केवळ तिच्या बळावर २६ केल्व्हिनची अतिसंवाहकता संभवत नाही. दुसरा पुरावा न्यूट्रॉनांचा. क्रिस्टियनसन प्रभृतींनी त्याच वर्षी बेरियम-पोटॅशियमच्या संयुगात असे पाहिले की पदार्थ अतिसंवाहक होताच चुंबकीय कंपनांची तीव्रता १४ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेपाशी एकवटते. दोन गटांत विरुद्ध चिन्हे असतील तरच असे एकवटणे स्वाभाविक ठरते. तिसरा पुरावा २०१० मध्ये हानागुरी प्रभृतींनी लोखंड, सेलेनियम व टेल्युरियम यांच्या संयुगावर सूक्ष्म टोकाच्या सूक्ष्मदर्शकाने केलेल्या निरीक्षणाचा. त्यातूनही चिन्हभेदाचीच सूचना मिळाली.

तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. न्यूट्रॉनांच्या निरीक्षणाचा अर्थ चिन्हभेदावाचूनही लावता येतो असे कोंतानी व ओनारी यांचे म्हणणे होते. २०१० मध्ये त्यांनी चुंबकत्वाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांच्या चांचल्याला जोडणीचे श्रेय दिले. काही लोह-सेलेनियम संयुगांत दोन गटांपैकी एक गट जवळजवळ नसतोच, तरीही अतिसंवाहकता असते. लोखंड व सेलेनियम यांच्या साध्या संयुगात ९० केल्व्हिनला चौरस बिघडतो खरा, पण साध्या दाबाखाली स्थिर चुंबकीय मांडणी येत नाही. यावर चुंबकीय मताच्या अनुयायांचे उत्तर असे की मांडणी नसली तरी चांचल्य आहेच : न्यूट्रॉनांना ते दिसते, आणि दाब दिला असता मांडणीही अवतरते व अतिसंवाहकतेचे तापमान सुमारे ३७ केल्व्हिनपर्यंत चढते. २०२२ मध्ये फर्नांडिस प्रभृतींनी नेचरमध्ये जे समालोचन केले त्यात जोडणीचे प्रमुख कारण म्हणून परिवलनाच्या चांचल्याकडेच कल दिसतो. परंतु कक्षकांचा व जालकाच्या बिघाडाचा त्याच्याशी असलेला गुंता सुटला आहे असा दावा कोणी करीत नाही. बहुमत व सिद्धता यांतील अंतर येथे राखले पाहिजे.

८

आता त्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे वळू. “चुंबकीय अस्थिरतेमुळे लोखंडात अतिसंवाहकता येते.” यातील ‘लोखंडात’ हा शब्द ढिला आहे. साध्या लोखंडात ती येत नाही. लोखंडाच्या विशिष्ट थरयुक्त संयुगांत येते. परंतु मुख्य दोष ‘अस्थिरता’ या शब्दात आहे. अस्थिर म्हणजे जे कोसळण्याच्या बेतात आहे ते. या शब्दाने अशी समजूत होते की चुंबकत्व दुबळे होऊन बाजूला सरले आणि रिकाम्या जागी अतिसंवाहकता आली. म्हणजे मुलाच्या वहीतील मराठीने नकळत ते जुने वैरच पुन्हा सांगितले होते. २००८ नंतरचे मत याच्या नेमके उलट आहे. मांडणी मोडते, पण चुंबकत्वाचे बळ कायम राहते आणि तेच जोडी जुळविण्याच्या कामी येते.

मग प्रतिशब्द कोणता घ्यावा? ‘चढउतार’ हा बाजारभावाचा शब्द आहे. त्यात वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा आहेत, आणि चुंबकत्व तर सर्व दिशांना वळते. ‘दोलन’ म्हटले की लंबकासारखी नियमित ये-जा डोळ्यांपुढे येते, आणि येथे नियमितपणा नाही. ‘आंदोलन’ हा शब्द अर्थाने जवळचा होता, परंतु ऊसदराच्या व पाण्याच्या प्रश्नांनी तो या भागात इतका वापरला गेला आहे की आता तो शास्त्राला परत मिळणे कठीण. म्हणून या टिपणात ‘चांचल्य’ हा शब्द योजला आहे. चंचल वस्तू दुबळी नसते. ती ठरत नाही एवढेच. लक्ष्मीला चंचल म्हणताना तिचे सामर्थ्य कोणी नाकारीत नाही. ‘चांचल्य’ घेतला की दोष जातो व बळ शिल्लक राहते, आणि हेच येथे अभिप्रेत आहे. यापेक्षा चांगला शब्द कोणी सुचविल्यास तो स्वीकारण्यास लेखक आनंदाने तयार आहे.

त्या विद्यार्थ्याला आज उत्तर द्यावयाचे झाल्यास त्याचे वाक्य मी असे दुरुस्त करीन : “लोखंडाच्या काही थरयुक्त संयुगांत चुंबकीय मांडणी मोडल्यावर जे चुंबकीय चांचल्य उरते, तेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवून अतिसंवाहकता आणीत असावे.” वाक्य लांबले आहे. शेवटच्या ‘असावे’मुळे ते कमी ठाम झाले आहे, हेही खरे. पण तो ‘असावे’ त्याने वहीत तसाच ठेवावा, अशी माझी त्याला सूचना राहील. कारण या विषयाची आजची स्थिती त्या एका क्रियापदात नेमकी सामावलेली आहे, आणि ते तेथून काढण्याचे काम अद्याप कोणीतरी करावयाचे आहे.